जुना स्टॉक आधी बाहेर

दोन लेकरं सांभाळणं म्हणजे काही विशेष नाही, हे मी गेली पाच वर्षं सांगत आलोय. वाळूजच्या कारखान्यात माझ्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात. मग घरातली दोन, तीही आपलीच, त्यात अवघड काय?

जूनच्या पहिल्या आठवड्यात हे सिद्ध करायची संधी चालून आली. कंपनीचं वार्षिक शटडाऊन, शाळा उघडायला दहा दिवस आणि बायकोचं, म्हणजे तनुजाचं, बँकेतर्फे पुण्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण! पण खरी गोष्ट पुढची होती. तिला बढती मिळणार होती, फक्त त्यासाठी दोन महिने हैदराबादला राहावं लागणार होतं. संमतीचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा होता. याआधी तिनं दोनदा बढती सोडली होती. एकदा सत्यमच्या वेळी, एकदा संस्कृतीच्या. तिसऱ्यांदा तिनं सोडू नये, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"मी हे पाच दिवस नीट निभावले तर फॉर्म भर," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली आणि गेली.

सोमवार-मंगळवार उत्तम गेले. मी घरात पाळ्या लावल्या. आठ वर्षांचा सत्यम पहिल्या पाळीचा सुपरवायझर, पाच वर्षांची संस्कृती दुसऱ्या पाळीची. तक्रारी लेखी द्यायच्या असा नियम होता. संस्कृतीला लिहिता येत नसल्यामुळे ती चित्र काढून द्यायची. सगळ्या चित्रांत सत्यमला शिंगं होती.

बुधवार हा पाण्याचा दिवस. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. नवं पाणी आलं की जुनं ओतून ड्रम घासायचे, हा घरोघरचा रिवाज. पण लोक काय करतात? नळ आल्यावर ओतायला धावतात! ड्रम घासून होईपर्यंत अर्धा वेळ जातो. कारखान्यात असं चालत नाही. जुना स्टॉक आधी बाहेर, मग नवा आत. तनुजाला हे मी कितीदा समजावलं होतं. ती दर वेळी "हो का" म्हणायची.

सकाळी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'आज दुपारी दोनला पाणी.' अकरा वाजता मी दोन्ही पाळ्या एकत्र बोलावल्या.

"ड्रम रिकामे करायचे."

"सगळे?" सत्यमनं विचारलं.

"सगळे!"

अर्धा पेला पाणी सांडलं तरी जन्मल्यापासून बोलणी खाल्लेली ती लेकरं. हुकूम ऐकून जी सुटली! अंगण धुतलं, गाडी धुतली, शेजाऱ्यांची गाडी धुतली, कूलर धुतला, रस्त्यानं चाललेलं एक कुत्रं धुतलं. गच्चीवरची टाकी मी स्वतः तळापासून घासली. पाऊण वाजता घरात थेंब नव्हता.

समोरच्या वच्छलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"शिवराजभाऊ, नळ आला का?"

"येईल दोनला."

"मंग आल्यावर वता की. येवढी काय घाई?"

"मावशी, प्लॅनिंग लागतं."

"व्हय," म्हणून त्यांनी एक खडा बाजूला टाकला.

दोन वाजता आम्ही तिघं नळासमोर रांगेत उभे होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर दुसरा मेसेज आला. 'पाइपलाइन फुटली आहे. पाणी शनिवारी.' खाली हात जोडल्याचं चित्र होतं.

बाहेर बेचाळीस अंश. घरात पिण्याचा एक जार, तोही निम्मा. जारवाला फोन उचलेना, टँकरवाल्यानं रविवारचं नाव घेतलं. आमच्याकडे शेजाऱ्याला साखर मागता येते, गाडी मागता येते, पण आठव्या दिवशी पाणी मागायला जीभ रेटत नाही. शिवाय वच्छलाबाईंना कळलं की तनुजाला कळणार. तनुजाला कळलं की फॉर्म गेला!

मी तातडीची बैठक घेतली. "मम्मीला सांगायचं नाही. सरप्राइज आहे."

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. संस्कृती किंचाळली, "मम्मी, सरप्राइज! घरात पाणीच नाही!"

"काय?"

"नाटक बसवतोय," मी म्हणालो. "दुष्काळावर."

"अस्सं. तुमचं काम कोणतं?"

"कोरडी विहीर."

गुरुवारी आम्ही तिन्ही वेळा केळी खाल्ली. केळ्यांना ताट लागत नाही. दुपारी दोघं खेळायला गेली ती भांग पाडून, पावडर लावून परत आली. अंगाला साबणाचा वास!

"आंघोळ कुणी घातली?"

"वच्छलाआजीनं."

"तुम्ही सांगितलं तिला?"

"नाही! सरप्राइज आहे ना. आम्ही फक्त म्हणालो, लई खाज येतेय. आणि पिठलं-भाकरी खाल्ली."

मला माझ्याच लेकरांचा हेवा वाटला.

शुक्रवारी मात्र धीर सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा येणार आणि मोरीत बुधवारपासूनची भांडी. भर दुपारी गल्ली झोपलेली बघून मी बादली घेऊन निघालो. वच्छलाबाईंच्या जिन्याखाली दोन निळे ड्रम होते. हळूच झाकण उचललं. काठोकाठ! मी बादलीतला मग आत बुडवला.

"बादली ल्हान आनली की वो," जिन्यावरून आवाज आला.

माझ्या हातातून मग ड्रममध्ये पडला आणि तळाला गेला.

"मावशी, तनुजाला सांगू नका," मी म्हणालो. "तिचा फॉर्म राहील. माझ्यापायी तिसऱ्यांदा राहील हो!"

"म्या काय सांगू? मागल्या पान्याला तिनंच हे दोन ड्रम जादा भरून ठिवलेत. म्हनली, बुधवारी आमचे हे सगळं वतून बसतील. परवापासून वाट बघायले म्या. तुमी येईनात!"

मी तिथूनच तनुजाला फोन लावला.

"फॉर्म भर," मी म्हणालो. "माझं काही धरू नकोस."

"सोमवारीच भरला."

"सोमवारी? मग हे पाच दिवस कशासाठी?"

"तुम्हाला इतकी हौस होती, म्हणून होऊ दिले."

मला आनंद झाला. राग यायला हवा होता, पण आनंदच झाला, आणि निदान एकदा तिला तसं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात वच्छलाबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"ठिव गं बाई आता," त्या म्हणाल्या. "त्यान्ला आदी आंगुळ करू दे. पार वरल्या पायरीपत्तुर वास यायला."