अक्षरी शून्याची हकीकत

अंकास अक्षर देणारी शारदा आम्हांस खरे लिहावयाची बुद्धी देवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, एका राज्यात नदीस महापूर आला आणि तीरावरील गावे बुडाली आणि सकळ रयत टेकडीवरील छावणीत आली, त्या समयीची हकीकत ऐसी जे, छावणीच्या कारभारीण अनसाबाई इंगवले यांनी चिखल तुडवीत माणसे मोजिली, ती दहा हजार दोनशे चाळीस भरली, आणि तितक्यांच्या शिध्याची मागणी संगणकखान्यात रवाना केली. राज्याचा दंडक ऐसा, की आकडा कोणीही खोडतो, म्हणोन हुकुमात तो अक्षरीही असावा, आणि दोहोंत तफावत पडल्यास अक्षर खरे. मग संगणकाने हुकूम छापिला, '१०२४०, अक्षरी शून्य'. कोठीवाले बोलिले, "बाई, अक्षरी शून्य आहे, दाणा मिळणार नाही." आणि गाड्या रिकाम्या परतल्या आणि पोरे कालपासोन उपाशी, तेव्हां बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली आणि त्या भर पावसात संगणकखान्यावर चालोन गेल्या. तेथे आज्ञावलीचे कर्ते विसाजीपंत चहात बिस्कूट बुडवीत बसले होते. ते म्हणाले, "यंत्रास नऊ हजार नऊशे नव्याण्णवापर्यंतच अक्षरे शिकविली. पुढचा आकडा आला की ते शून्य लिहिते. एवढी माणसे एके ठायी जमतील, हे कोणाच्या ध्यानी होते?"

"मग येत नाही तर येत नाही म्हणोन थांबावे की नाही? खोटे कशास लिहिता?"

"थांबले की दरबारी बोभाटा होतो, बाई. शून्य लिहिले की काम सुरळीत. चार वर्षांत एक तक्रार नाही."

काय हा निर्लज्जपणा! यंत्रास येत नाही याचा बाईंस राग नव्हता, न येणारे येते म्हणोन दडपिले याचा होता. मग त्यांनी छावणीच्या मधोमध दोरी बांधिली, अलीकडे पाच हजार, पलीकडे उरलेले, आणि दोन छावण्यांच्या दोन मागण्या धाडिल्या आणि दिवस मावळावयाच्या आत शिधा आला आणि पोरे जेवली. परंतु राग शमेना. मग तान्ह्यासुद्धा प्रत्येकाचा अंगठा घेवोन बाईंनी पंतांवर दहा हजार दोनशे चाळीस तक्रारी दरबारी गुदरल्या.

इत्यर्थ, दरबारचा अहवाल त्याच संगणकावर छापिला, 'तक्रारी १०२४०, अक्षरी शून्य'. अक्षर खरे, म्हणोन विसाजीपंतांस शाल व श्रीफळ जाहले. अनसाबाईंनी तक्रारींचे दोन गठ्ठे बांधिले आणि पुन्हा दरबाराची वाट धरिली.