ठरलेला खोकला

"अगं, मी बरोबर आहे म्हटल्यावर प्रवेश झालाच म्हणून समज! वसतिगृहात खोली कुठल्या बाजूची हवी, तेवढं ठरवून ठेव!"

मामांनी छातीवर हात ठेवून हे सांगितलं, तेव्हाच खरं तर भाचीनं धूम ठोकायला हवी होती. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगीच नाही!

या भाचीला घरात सगळे 'सांडशी' म्हणायचे. तिनं एकदा हात धरला की सुटायची सोय नसे. फिजिओथेरपीची पदवी तिनं झोकात मिळवली होती. पण पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाचा प्रवेश दोनदा हुकला होता. लेखी परीक्षेत ही पहिल्या पाचात, आणि प्रात्यक्षिकात दातखीळ! बाबांनी शेवटी निक्षून सांगितलं होतं, "हे शेवटचं. नाही जमलं तर उद्यापासून दुकानात बसायचं. पायच हाताळायचेत ना तुला? आपलं चपलांचं दुकान आहे. पाय म्हणशील तेवढे मिळतील!"

कॉलेजचा नियम असा, की प्रात्यक्षिकाला उमेदवारानं आपलंच एक धडधाकट माणूस आणायचं. परीक्षक मॅडम त्याला आतल्या खोलीत नेऊन काय दुखतंय ते पढवणार. त्यानं बाहेर येऊन तसं सोंग करायचं आणि उमेदवारानं विचारून, चाचपून दुखणं ओळखायचं.

हे ऐकून मामांचे डोळे चमकले. मामा ट्रॅफिक हवालदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे घरातही मामा आणि चौकातही मामाच! आयुष्यभर हाताच्या खुणेवर गाव थांबवलेला माणूस.

"हे बघ, तुझा हात बरोबर जागी पडला की मी एकदा खोकेन. नाहीतर गप्प."

"मामा, ही शुद्ध लबाडी आहे!"

"लबाडी कसली? सिग्नल आहे हा! सिग्नल नसते तर चौकाचौकात काय झालं असतं, कल्पना आहे तुला?"

सांडशीच्या डोळ्यांसमोर चपलांची खोकी उभी राहिली. ती "बरं" म्हणाली. इथेच माशी शिंकली!

परीक्षेच्या दिवशी त्यांच्या आधीचा उमेदवार खोलीतून बाहेर आला तो नखशिखान्त पांढरा. मसाजच्या पावडरीचा अख्खा डबा त्याच्या हातून निसटून पंख्याखाली फुटला होता. आत सगळीकडे पावडर तरंगत होती. दोन परीक्षक, एक मॅडम आणि एक जांभया देणारे सर, नाकाला रुमाल लावून बसले होते. मॅडम मामांना आत घेऊन गेल्या. मामा परत आले ते चेहरा गंभीर करून, आणि टेबलावर पाय सोडून बसले.

"काय होतंय तुम्हाला?" सांडशीनं विचारलं.

"जरा अवघडल्यासारखं वाटतंय."

"कुठे?"

"असं... सगळीकडेच."

तिनं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "खॉक्!" मामा खोकले. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं!

"मॅडम, उजवा गुडघा!"

"घाई नको. बाकीचंही बघा."

तिनं खुब्याला हात लावला. खॉक्! कमरेला लावला. खॉक् खॉक्! खांद्याला लावला तर मामांना अशी उबळ आली की टेबल हललं. मान, कोपर, मनगट, सगळीकडे तेच! हा माणूस आपल्या पायांनी आत आलाच कसा, हेच तिला कळेना. शेवटी खात्री करायला तिनं मामांना सोडून नुसत्या टेबलावर हात ठेवला. मामा खोकले! म्हणजे टेबलालाही संधिवात!

मामांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी तळहात पुढे केला. ती जागच्या जागी थांबली. त्यांनी दुसरा हात लांबवून डावीकडे दाखवलं. ती डावीकडे गेली. त्यांनी आणखी जोरात दाखवलं, तशी ती आणखी डावीकडे सरकली आणि भिंतीला जाऊन टेकली. तिच्या बाजूला पाण्याचा जग होता आणि मामांना फक्त घोटभर पाणी हवं होतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"झालं का?" सरांनी जांभई आवरत विचारलं.

आता मात्र सांडशीला राग आला. मामांचा आला, चपलांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. इतकी वर्षं आपण काय खोकले मोजायला शिकलो? तिनं मनातून तो सिग्नल बंद करून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. गुडघा वाकवला, सरळ केला. खुबा फिरवला. कमरेपासून मानेपर्यंत बोटं चालवली. खांदा पार वर नेला, तर तो तेल घातलेल्या दारासारखा गेला! मामा खोकतच होते, पण तिला आता फक्त हाताखालचं ऐकू येत होतं. दातखीळ कुठल्या कुठे पळाली होती.

"मॅडम, यांना काहीही झालेलं नाही. घशात पावडर गेलीय. आधी पाणी देते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना तेच सांगितलं होतं. तुम्हाला काही दुखत नाही, फक्त अवघडल्यासारखं वाटतंय म्हणा. सकाळपासून अशा धडधाकट माणसांत प्रत्येकानं काही ना काही दुखणं शोधून काढलं. निरोगी माणसाला निरोगी म्हणायची हिंमत तुम्हीच दाखवलीत."

सरांची जांभई अर्ध्यात राहिली. मैदान मारलं होतं! आता नमस्कार करायचा आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. पण तेवढ्यात मामांचं पाणी पिऊन झालं आणि घसा मोकळा झाला.

"शाब्बास गं सांडशी! मला वाटलं, बुडवतेस आता! मॅडम, तुमची शपथ, यातला एकही खोकला ठरलेला नव्हता हं! सगळे पावडरीचे!"

मॅडमनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं.

"ठरलेला?" मॅडमनी हळूच विचारलं.

मामांनी नोकरीभर लोकांना खोटं बोलताना पकडलेलं. स्वतःला मात्र खोटं बोलणं जमेना. "म्हणजे, हिचा हात बरोबर जागी पडला की मी एकदा खोकायचं, असं आमचं ठरलं होतं. पण तुम्ही दुखायला जागाच दिली नाहीत! मग मी खोकणार तरी कुठे?"

सांडशीला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं. मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"आणि तुम्ही ती खूण मानली नाहीत?"

"मानली, मॅडम," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "टेबलापर्यंत मानली."

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. सर तर उठून खिडकीशीच गेले. "हात तुमचे चांगले आहेत," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पुन्हा कुणाच्या खुणेवर चालवू नका."

यथावकाश निकाल लागला. सांडशीला प्रवेश मिळाला, यादीत अगदी तळाशी का होईना! आणि कॉलेजच्या फाटकावरच्या रखवालदाराला ताकीद मिळाली, की या मुलीच्या मामांना काही केल्या आत सोडायचं नाही.

"तिला घेतलं, मग तुला का रे मनाई?" आईनं भावाला विचारलं.

मामांनी मान ताठ केली. "एका घरातले दोघंदोघं घेत नाहीत, ताई!"