वाघाला दार हाय काय?

आमच्या शेजारच्या जोतीराम शिंप्यानं एका रविवारी सकाळी आपल्या घराचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट काढलं, डोक्यावर घेतलं आणि दुकानाकडं चालायला लागला. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. म्हटलं, "भावजी, दार कुठं चाललं?"

दाराखालून आवाज आला, "वैनी, वाघाला दार हाय काय?"

मी पुन्हा तांदळाकडं बघितलं. वाघाचं आम्हाला नवीन नव्हतं.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्यानंतरची ही दोन-चार वर्षं. आम्ही गंगावेशीजवळच्या एका बोळात राहत होतो. घरात मालक, सासूबाई, मी आणि दोन म्हशी. जोतीरामचं घर आमच्या भिंतीला लागून. चाळिशीचा माणूस, अंगानं काटकुळा, गळ्यात माप घ्यायची फीत आणि तोंडात टाचण्या. आणि कुठल्याही गोष्टीचा न्याय तो एकाच सवालानं करायचा : वाघाला हाय काय? वाघाला असेल तर माणसाला पाहिजे. नसेल तर ते थेर. माणसानं गाव करून स्वतःचं वाटोळं केलं, खरं जगणं ते रानातलं, असं त्याचं म्हणणं.

बरं, ह्यानं जन्मात वाघ बघितला होता तो एकच, आणि तोही पेंढा भरलेला. एका सरदाराच्या दिवाणखान्यात पडद्यांचं माप घ्यायला गेला होता, तिथं तो कोपऱ्यात उभा होता. एक काचेचा डोळा पडलेला. जोतीरामनं पडद्यांबरोबर वाघाचंही माप घेतलं. छाती, पोट, बाही. घरी येऊन मला सांगतो, "वैनी, बाही लई आखूड भरली."

आता शिंप्यानं असली मतं बाळगली तर धंदा कसा चालायचा? शाळेतले एक मास्तर कोट शिवायला आले. हा त्यांच्या खांद्याला फीत लावून विचारतो, "मास्तर, वाघाला कोट हाय काय?" मास्तरही कोल्हापूरचेच. म्हणाले, "हाय की! जन्मताच अंगावर घेऊन येतो, पट्ट्यापट्ट्याचा." जोतीरामनं टाचण्या तोंडात धरून माप उतरवून घेतलं. कोट मात्र झकास शिवला. हात त्याचा चांगला होता, डोकं सोडून द्या.

पुढं त्यानं बटणांवर राग धरला. शर्ट शिवायचा, काजं करायचा, बटणं लावायचाच नाही. त्यातला एक शर्ट पाटलांच्या पोराचा, लग्नातला. आयत्या वेळी कळलं. नवरदेव अंतरपाटामागं एका हातानं छाती झाकून आणि एका हातात हार धरून उभा. नवरीला वाटलं, ह्याच्या छातीत कळ आली. तिनं रडायला सुरुवात केली, तिचं बघून तिच्या आईनं केली. पाटील दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन जे बोलले ते लिहिता येत नाही. हा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बटन न्हाय म्हणून लगीन राहिलं काय?"

पावसात छत्री घ्यायचा नाही. मग नाक गळायला लागलं की माझ्या दारात. मी काढा करून द्यायची. भांडं हातात घेऊन विचारायचा, "वाघाला काढा हाय काय?"

मी म्हणायची, "वाघाला सर्दी बी न्हाय. प्या गुमान." प्यायचा.

हा असा आधीपासून होता असं नाही. आधी तो चार शिंप्यांसारखा शिंपी होता. त्याची बायको सगुणा. मूलबाळ नाही. सगुणा माझ्याकडं रोज संध्याकाळी दुधाला यायची. तांब्या घेऊन म्हशीपाशी उभी राहायची आणि म्हशीशी गप्पा मारायची. एका पावसाळ्यात ताप आला आणि गेली. जोतीराम रडला नाही. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. मीही रडले नाही, धारा काढायच्या राहिल्या होत्या. त्याच पावसाळ्याच्या शेवटी वाघ सुरू झाला आणि वर्षाच्या आत दार गेलं.

दार दुकानात कापड बेतायची फळी झालं. ते गेल्यावर घरात काय काय शिरलं ते आम्ही बघत होतो. कुत्री शिरली. शेळ्या शिरल्या. तालमीतल्या एकानं टकरीसाठी पाळलेला एडका शिरला आणि आरशातल्या एडक्याशी झुंजला. आरसा गेला. "वाघाला आरसा हाय काय?" म्हणून जोतीरामनं काचा भरल्या.

एकदा कुरुंदवाडचा एक पाहुणा बाजाराला आला होता, तो हे घर धर्मशाळाच समजला. वळकटी टाकून झोपला आणि सकाळी जोतीरामलाच झापायला लागला, "काय हो पावणं, धर्मशाळेत घागरीत पाणी नगं?"

जोतीरामनं घागर भरून आणली. वर भाकरी केल्या. तो माणूस बाजार उरकूनही परत तिथंच आला आणि ह्यानं त्याला ठेवून घेतला. त्या दिवसांत दुकान उशिरा उघडायचं आणि भिंतीपलीकडून हसायचा आवाज यायचा. सासूबाई म्हणाल्या, "येडं ते येडं, आणिक त्येला जोडीदार गावला." पाहुणा गेल्यावर जोतीराम आठवडाभर कुरकुरत होता. गावात राम राहिला नाही म्हणाला.

आणि शिमगा झाल्यावर त्यानं जाहीर केलं, की दुकान बंद, आपण रानात राहायला चाललो, कायमचं. गगनबावड्याच्या पुढं जंगलात त्याच्या मामाची एक जुनी खोप होती. मामा वारला होता, खोप उभी होती.

बोळातल्या लोकांना वाटलं, नेहमीचंच. पण त्यानं शिलाईचं यंत्र खरंच विकून टाकलं. मग सगळे हबकले. समजूत घालायला मास्तर आले, पाटील आले, तालमीतला बाबू पैलवान आला. बाबूनं एकच विचारलं, "अण्णा, सांजच्या दुधाचं काय?"

इथं जोतीराम अडकला.

आमच्या गावात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहतं, पेल्यात धार काढून घेतं आणि तिथंच पितं. जोतीराम मिसरूड फुटायच्या आधीपासून आमच्या म्हशीखालचा पेला पीत आला होता. वाघाचा न्याय सगळ्याला लागू होता, ह्या पेल्याला नव्हता.

बराच वेळ विचार करून म्हणाला, "वाघ बी लहानपणी दूध पितोयच की."

"मग म्हस घेऊन जावा," बाबू म्हणाला. थट्टेनं म्हणाला. पण आमचे मालक तिथंच होते. उन्हाळ्यात गावात वैरणीची ओढ, रानात चारा फुकट. म्हणाले, "चंद्रीला न्या. पावसाच्या तोंडाला आणून सोडा. तवर दूध तुमचं."

चंद्री माझी म्हैस. माझ्या माहेराहून आलेली. मालकांना मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं, तरी माझी म्हैस गेलीच.

निरोपाला बोळानं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा केला. जोतीराम पंगतीत बसून सांगत होता, "रानात असलं काय न्हाय बघा, कंदमुळं खायाची," आणि वाडगं पुढं करत होता. सकाळी नाक्यापर्यंत हलगी वाजवत गेले. पुढं चंद्री, मागं जोतीराम. पाठीवर बोचकं, बोचक्यात कात्री, सुई-दोरा, कंदील, तांब्या. आणि काखेत छत्री.

मी म्हटलं, "भावजी, छत्री कशाला? वाघाला..."

"म्हशीसाठी हाय," म्हणाला. "तिकडं वळीव लई पडतो."

पंधरवडाही झाला नसेल. संध्याकाळची वेळ. कट्ट्यावर गर्दी. मी धाकटी म्हैस पिळत होते. एकदम गलका झाला, "सरा, सरा!" बघते तर चंद्री. गर्दीतून वाट काढत आली आणि रोजच्या जागी, रोजच्या खांबाशी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत धूळ. तिच्यामागं दाव्याचं टोक धरून लंगडत जोतीराम. कोण कोणाला घेऊन आलं होतं ते विचारायची गरज नव्हती.

"वाघाला म्हशीनं धरून आणलं की रं!" बाबू ओरडला.

जोतीराम आधी दोन पेले दूध प्याला. मग मिशीवरचा फेस पुसून सांगायला लागला.

पहिल्या संध्याकाळी खोपीपुढं चंद्रीला पिळायला बसला तर थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चाऱ्याला कमी नव्हतं, पाण्याला नव्हतं. चंद्री नुसती मान वळवून इकडं तिकडं बघायची. मग ह्याच्या ध्यानात आलं. ही कट्ट्यावरची म्हैस. भोवती दहा माणसं ओरडत असल्याशिवाय हिनं जन्मात दूध दिलं नव्हतं. रानातल्या शांततेला भिऊन ती पान्हा चोरत होती.

"मग काय केलंसा?" मास्तरांनी विचारलं.

"काय करतोय? कट्टा केला."

आणि त्यानं तिथंच करून दाखवलं. भर रानात, एकटा, म्हशीखाली बसून तो सगळ्यांचे आवाज काढत होता. बाबूचा काढला : "ए, फेस नगं, दूध घाल की!" मास्तरांचा नाकातला : "पेला विसळलास काय रे नीट?" आमच्या मालकांचा : "हटा मागं, म्हशीला वारा लागू द्या!" माझासुद्धा काढला : "शेपूट धरा की, नुसतं बघताय काय!" माणसं पोट धरून कट्ट्यावर बसली. मास्तरांचं उपरणं दुधात पडलं.

"आवाज ऐकून खालच्या वाडीतली माणसं काठ्या घेऊन पळत आली," जोतीराम सांगत होता. "त्यांस्नी वाटलं, रानात मारामारी लागली. बघत्यात तर मी आन् म्हस. त्यातला म्हातारा इचारतोय, 'पावणं, बाकीची माणसं कुठं गेली?'"

लोक पुन्हा हसले. जोतीराम हसला नाही. पेला पालथा करून ठेवला.

पुढं म्हणे एका सकाळी चंद्रीनं दावं तोडलं आणि गावाची वाट धरली. हा मागं. तिला परत फिरवायला गेला म्हणतो. पण म्हशीला फिरवायला गेलेला माणूस खोपीतलं बोचकं बांधून, छत्री काखेत मारून जातो का? मी विचारलं नाही.

कट्टा मोडल्यावर चंद्रीला आमच्या गोठ्यात बांधायला तो आला. मी वैरण टाकत होते. चंद्री मी पाळलेली. तिची खोड मला ठाऊक. नुसत्या गलक्यानं ती अर्धी भिजते, पुरता पान्हा सोडत नाही. म्हटलं, "भावजी, खरं सांगा. कुणाच्या आवाजाला सोडला पान्हा?"

तो दाव्याची गाठ मारत होता. मारलेली सोडून पुन्हा मारली.

"समद्यांचं काढून झालं, वैनी. बाबू झाला, मास्तर झालं. शेवटाला कोण उरलंच न्हाई. मग सगुणाचा काढला." आणि खाली बघूनच त्यानं तो आवाज काढला, बारीक, घाईतला, जसा ती म्हशीपाशी उभी राहून काढायची, "दे गं बाई, लौकर दे. आमचं माणूस यायचं झालं घराकडं."

मला गहिवरबिवर येत नाही. चंद्रीनं मात्र कान हलवले, हे खरं.

"तवा सोडला," तो म्हणाला.

मग चंद्रीच्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाला, "आधी दुकानातनं आलो की कडी वाजवायचो. आतनं 'आले' म्हणायची. ती गेल्यावर सकाळी मीच कुलूप लावायचं, सांजला मीच काढायचं. म्हणून दार काढलं. रानात दार न्हाई, मग कडी बी न्हाई, असं म्हटलं. पर खोपीपुढं बी पाय थांबतोय, वैनी. हात वर जातोय."

मी वैरणीचा हात झटकला. म्हटलं, "उद्या दार बसवा. आणि किल्ली माझ्याकडं द्या."

"कशाला?"

"सांगते ते करा."

दार बसवलं. त्यावर खडूच्या रेघा तशाच होत्या, कुणाच्या तरी पाठीचं माप. यंत्र ज्यानं घेतलं होतं त्याच्याकडून बाबूनं उचलून परत आणलं. कसं आणलं ते पैलवानाला विचारायचं नसतं.

आता दिवेलागणीला मी स्वतः शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसले असते तर बोळानं दुसरी हलगी वाजवली असती. पण माझ्याकडं सासूबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत, आणि संध्याकाळ झाली की माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला मोकळ्या. त्यांना म्हटलं, "तिकडं कंदील लावून बसा, आतनं कडी घाला, माळ ओढा. जोतीभावजी आले की उघडा." त्यांनाही बदल झाला आणि माझ्याही घरात घटकाभर शांतता.

जोतीरामला हे कळलं तसा दुपारी दुकानातून उठून आला. "वैनी, हे काय काढलंसा? वाघाला..."

"वाघाला शेजारीण हाय काय?" मी म्हटलं.

त्यानं विचार केला. "न्हाय," म्हणाला, आणि परत दुकानात गेला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तांदूळ घेऊन उंबऱ्यात बसले. जोतीराम आला. दारापुढं उभा राहिला. गळ्यातली फीत काढून खिशात घातली आणि कडी वाजवली.

"आले, आले! दार मोडतोस काय रं मुडद्या!" सासूबाई आतून ओरडल्या. आवाज पार कट्ट्यापर्यंत गेला असेल.

त्याला ऐकू गेलं होतं. मी बघत होते. तरी त्यानं कडी पुन्हा एकदा वाजवली.