आधी चहा, मग बंगला

आमच्या शेजारचा केणी कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगतो. एकदा दार वाजवून म्हणाला, "दादा, चार टाके पडले." मी घाबरून चपला शोधायला लागलो. कोणाला पडले, कुठे पडले, पत्ता नाही. आधी कंपाउंडरचा तिरसट स्वभाव, मग रिक्षावाल्याची कटकट, आणि अर्ध्या तासाने कळलं की टाके ह्याच्याच अंगठ्याला पडलेत, नारळ सोलताना. तोवर गाढव अंगठा पाठीमागे लपवून उभा.

मी वागळे इस्टेटच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवली. शाळा चौथीपर्यंत. पण आधी भोक पाडायचं आणि मग त्यात स्क्रूचे आटे, एवढं मला कळतं. केणीची गोष्ट म्हणजे भोकाआधी आटे.

तो वीज खात्यात मीटर रीडर होता. रिटायर होऊन इथे कोपरला आला, एकटाच. बायकापोरं केली नाहीत. केली असती तर पोरांना त्यांचं बारसंही शेवटी सांगितलं असतं.

भुताच्या गोष्टींचा त्याला भारी सोस. आणि सांगायची वेळ कुठली, तर सकाळी अकरा! खिशाला पेन, भांग पाडलेला, बाहेर भंगारवाला ओरडतोय, आणि हा भूत काढतोय. माझी बायको शालन आजारी पडली, महिन्याभराने अंथरुणातून उठेना, तेव्हापासून तो रोज यायचा. पहिल्याच दिवशी स्टूल ओढून म्हणाला, "वैनी, मी त्या बाईच्या कपातला चहा प्यायलो आणि पळत सुटलो."

"कुठल्या बाईच्या?" मी म्हटलं.

"ते उद्या."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, खाडीकडे एक बंगला होता, पुढच्या दाराला गंजलेलं कुलूप, आणि आत मीटर गरगर फिरत होतं. आठवडाभर नुसतं मीटरच फिरवलं. मग एकदा सहज उठता उठता म्हणाला, "बंगल्यातली बाई वारून तेव्हा सहा वर्षं झालेली."

खोटं कशाला बोलू, माझ्या मानेवर काटा आला. चहा तर ह्याने आधीच पिऊन टाकलेला.

"अरे, सरळ सांग ना!" मी ओरडलो.

"दादा, सरळ सांगितली की माणूस पुढे बघतो. उलटी सांगितली की मागे वळून बघतो. भीती मागूनच येते."

पेन्शनीतला शहाणा!

शालन मात्र रोज विचारायची, "भाऊजी, चहा कोणी केलेला हो?" हा म्हणायचा, "अजून मधलं राहिलंय." ती माझ्याकडे बघून हसायची. मी तिच्या पायाशी बसून दात खात ऐकायचो. तिला दिवसेंदिवस घास गिळवेना, आणि ह्याचं मधलं संपेना. शेवटच्या सकाळीसुद्धा तिने तेच विचारलं. तोंडातून धड आवाज फुटत नव्हता. हा मान खाली घालून बसला.

दुपारी ती गेली.

तेराव्याला केणी आला, त्याला मी दारातूनच हाकललं. "मरत्या बाईला एक गोष्ट पुरी सांगवली नाही तुला!" म्हटलं. आठ महिने मी त्याचं तोंड बघितलं नाही. जिन्यात दिसला की मी थुंकायचं निमित्त करायचो. पण चहा कोणी केला, ते डोक्यातून जाईना. शेवटी एक दिवस जाऊन त्याचं दार बडवलं. "सांग. तिला नाही सांगितलंस, मला तरी सांग."

त्याने मला बसवलं. आणि जन्मात पहिल्यांदा सरळ सांगितलं.

बंगल्यात त्या बाईचा नवरा राहायचा. तिला शेवटचं नेलं त्या दारातून ये-जा नको, म्हणून पुढे कुलूप, वापर मागच्या दाराने. रोज दोन कप चहा करायचा. एक निवून जायचा. केणी रीडिंग घ्यायला मागून शिरला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "पी बाबा, वाया जातो."

"मग पळालास कशाला?"

"त्याच्यासमोर रडायचं कसं दादा?"

मी म्हटलं, "हे तिला सांगायला काय झालेलं?"

"वैनींना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तुम्ही औषधं आणायला गेलेलात."

"मग ती रोज विचारायची ते कशाला?"

केणी पेनाचं टोपण काढत-लावत बसला. "आधी तुम्ही खोलीत थांबायचा नाहीत. वैनींचे हाल बघवत नाहीत म्हणून जिन्यात जाऊन बसायचात. गोष्ट सुरू झाली आणि तुम्ही पायाशी बसायला लागलात. त्या म्हणाल्या, भाऊजी, संपवू नका. आणि मी गेल्यावर, ह्यांनी आपणहून विचारलं तरच सांगा."

"आणि आठ महिने शिव्या खाल्ल्यास?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

मी घरी आलो. ओट्यावर सकाळचे दोन कप होते. एक माझा, रिकामा. दुसऱ्यावर साय धरलेली.

आता अकरा वाजता दुसरा कप केणी पितो. बिनडोक माणूस, आधी "साखर कमी होती" म्हणतो आणि मग घोट घेतो.