फ्लॉवरच्या शेतातली पाहणी

पाहणीची सगळी सूत्रं सफाई मुकादमांनी स्वतःच्या हाती घेतली, तेव्हाच त्यांची बायको धास्तावली.

"अगं, घाबरतेस काय! पीक बघून साहेबांचे डोळे दिपतील. म्हणतील, असल्या जमिनीत कचरा? शक्यच नाही!"

राजधानीचा कचरा टाकायला जागा हवी होती आणि नगरपालिकेच्या हद्दीत शोधता शोधता पालिकेच्या मोठ्या साहेबांचं बोट नकाशावर नेमकं मुकादमांच्या फ्लॉवरवर पडलं होतं. ते शेत बायकोनं एकटीनं उभं केलं होतं. मुकादमांनी त्यात आजवर फक्त सल्ले पेरले होते!

आता मात्र ते पेटले. आठवडाभर आधीच त्यांनी शेताला कोंबडीखत घातलं, तेही दणकून. ते बघून शेजाऱ्यांनाही चेव आला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खताचे थर पडले. फ्लॉवर असा तरारला की बायकोसुद्धा हसली.

साहेब गाडीतून उतरले आणि उतरल्यापावली परत आत बसले. नाकाला रुमाल लावून त्यांनी काच खाली केली.

"हा वास कसला?"

मुकादमांनी मनापासून हुंगलं. "कसला वास, साहेब?"

"बाई, तुम्हाला येतोय?"

"छे! उलट आज हवा किती छान सुटलीय!"

शेजारच्या आजोबांनी तर काळजीनं विचारलं, "साहेब, सर्दी झालीय का?"

साहेबांचा चेहरा उजळला. "बाकी सगळीकडे लोक वासाच्या नावानं बोंबा मारतात हो! दगड घेऊन उभे राहतात! आणि तुम्ही... वा!"

मुकादमांच्या पायाखालची जमीन सरकली. "येतो, साहेब! भयंकर येतो! मळमळतंय!" ते नाक दाबून ओकाऱ्या काढू लागले.

"अगंबाई, काय झालं?" बायको धावली. "आत्ता तर इथेच बांधावर बसून भरपेट जेवलात!"

साहेब हसले. गाडी गेली.

आणि जागा मंजूर झाली! वर देखरेखीलाही मुकादमांनाच नेमलं. इतका सोशिक माणूस दुसरा कुठे मिळणार?

पहिला ट्रक आला त्या सकाळी मुकादम शिट्टी घेऊन बांधावर उभे होते. समोर बायको ओंजळीएवढे, अजून न भरलेले गड्डे भराभर कापत होती. त्यांच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"साहेब, कुठे रिकामा करू?" ड्रायव्हरनं विचारलं.

मुकादमांना रडू येत होतं. पण नोकरी होती. त्यांनी हात हलवला.

"मागे घे... अजून मागे... जरा थांब, बाईंना उठू दे."