खरात साहेबांचा कोठीवाला

खरात साहेबांच्या खोलीत शिरायचं असेल तर आधी उंबऱ्यात उभं राहून काय काय लागणार ते सांगावं लागे. खुर्ची, पेन, पाणी, दहा मिनिटं, जे असेल ते. सांगितलेलं सगळं ते स्वतः उठून हातात देत. पण एकदा बसल्यावर मध्येच काही मागितलं की संपलं. शेतकी खात्याचे जाधव एकदा बोलता बोलता "जरा पेन्सिल द्या" म्हणाले. साहेबांनी त्यांना बाहेर पाठवलं आणि उंबऱ्यातून पुन्हा सुरुवात करायला लावली. जाधवांना वाटलं चेष्टा आहे. नव्हती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात संगणक विभाग नवा होता. विभाग म्हणजे तीन मशिनं, एक एसी, साहेब आणि मी. एसी मशिनांसाठी होता, आम्ही त्याच्या जिवावर थंड बसायचो.

साहेबांचं प्रोग्राम लिहिण्याचं शास्त्रच वेगळं. ते मला समजावून सांगत, "शिंदे, लग्नातला आचारी बाजारात जातो का? न्हाई. तो आधी यादी देतो. तेल, डाळ, मीठ कोठीवाला हातात देतो. प्रोग्रामनं आचाऱ्यागत ऱ्हावं. लागंल ती वस्तू स्वतः बनवत बसायचं न्हाई. आधी सांगायचं, हातात आली की वापरायची."

म्हणून त्यांनी एक वेगळा प्रोग्राम लिहिला होता आणि त्याचं नावच कोठीवाला ठेवलं होतं. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या काढणारा प्रोग्राम फक्त म्हणायचा, मला एक प्रिंटर लागतो. तो कसा घडवायचा हे कोठीवाल्यानं बघायचं, तेही साहेबांनी एका फायलीत लिहिलेल्या सूचना वाचून. कारखान्याची गावोगावी गट ऑफिसं होती. त्यातल्या एकाचा प्रिंटर म्हातारा होता, कागद खायचा. त्या गटासाठी सूचना होती, 'हळू चालणारा बनव.' दुसऱ्या गटाला पाटीलकीच्या थाटाची मोठी अक्षरं लागत. त्याची सूचना वेगळी. मूळ प्रोग्रामाला बोटसुद्धा लावावं लागत नसे. आज मोठमोठ्या कंपन्यांत हेच करतात म्हणे. तेव्हा आम्हाला हे खूळ वाटायचं.

हेच खूळ त्यांनी कॅन्टीनमध्येही नेलं. भिंतीवर तक्ता लावला. जाधव, साखर कमी. शिंदे, आलं जास्त. नाव नसेल त्याला नेहमीचा. माणसानं फक्त 'चहा' म्हणायचं. कॅन्टीनवाल्या मामांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना नेहमीचाच मिळे.

एकदा मात्र अंगाशी आलं. तपासणीसाठी त्यांनी एक मुका प्रिंटर बनवला होता. दिलेलं सगळं घ्यायचं, कागदावर काही उमटवायचं नाही आणि वर 'झालं' म्हणायचं. ती सूचना बदलायची राहिली. भर गाळप हंगामात एका गटाच्या चिठ्ठ्या दिवसभर 'झालं, झालं' करत हवेत गेल्या. चिठ्ठीशिवाय ऊसतोड नाही, म्हणून संध्याकाळी टोळ्यांचे मुकादम कोयत्यांसकट दारात. साहेब त्यांना शांतपणे म्हणाले, "प्रोग्राम चुकला न्हाई. त्याला जे दिलं ते त्यानं वापरलं." मी साहेबांना मागच्या दारानं काढलं म्हणून ते बचावले.

साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बेलापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यातली आठ हे इथे आणि त्या तिथे. मूलबाळ नव्हतं. सुट्टी मिळाली की साहेबच तिकडं जात, गेल्या काही वर्षांत वहिनींचं इकडं येणं झालंच नव्हतं. एका शनिवारी साहेबांनी मला वहिनींचं पत्र दाखवलं. 'बदलीचे अर्ज सोमवारपर्यंत द्यायचे आहेत. श्रीगोंदा मागू का? तुम्ही सांगाल तसं.'

"काय लिवू?" साहेबांनी विचारलं.

"ये म्हणून लिहा. नाहीतर लिहू नका, पत्र सोमवारच्या आत पोचायचं नाही. उद्या जाऊनच सांगा."

"तिला समजत आसंल की."

"अहो साहेब, आधी सांगा, आधी सांगा म्हणून आमचा जीव खाता ना तुम्ही?"

"त्ये प्रोग्रामचं," ते म्हणाले.

संध्याकाळी मी भांडायच्या तयारीनंच त्यांच्या क्वार्टरवर गेलो. साहेब सहा फुटी माणूस, पण कमरेत वाकून चहा करत होते. स्वयंपाकाचा ओटा चांगला चार बोटं खाली होता. गवंडी लावून मुद्दाम उतरवून घेतला होता म्हणे. कॉलनीत यावरून त्यांना वेड्यात काढलेलं मी ऐकलं होतं.

"तिची उंची कमी हाय," ते पातेल्याकडं बघत म्हणाले. "टाचा उचलून भाकरी थापती. पाय दुखत्यात तिचे."

"कधी केलंत हे?"

"चार वर्षं झाली."

"वहिनींना माहीत आहे?"

"न्हाई."

माझं भांडण तिथेच विरलं.

रविवारी ते मलाही घेऊन निघाले. एकट्याला बोलता येत नाही म्हणाले. नगरला एस.टी. बदलून दुपारी बेलापूरला पोचलो. वहिनी खरंच बुटक्या होत्या. अर्ज टेबलावर भरलेला होता, फक्त गावाची जागा कोरी होती. आम्हाला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला आजही आठवतो. त्या साहेबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "काय पाहिजे?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं.

"पानी दे," ते म्हणाले.

वहिनींनी माठातलं पाणी आणून दिलं. ते सावकाश प्यायले.

"शाळा बरी हाय ना हितली?"

"बरी आहे," वहिनी म्हणाल्या. साहेब तांब्याकडं बघत राहिले. मग वहिनींनी गावाची जागा कोरीच ठेवून अर्जाची घडी घातली आणि हजेरीच्या वहीत ठेवून दिली. "जेवून जा, भाऊ," त्या मला म्हणाल्या.

ओट्याचं मी सांगायला हवं होतं. जिभेवर आलेलं गिळलं, म्हटलं नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला. त्याची खंत मला अजून आहे.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीशी बसले. राहुरी मागं पडलं. नगर जवळ आल्यावर म्हणाले, "शिंदे, पानी लई गार हुतं."

आणि तोंड खिडकीकडं फिरवून त्यांनी खिशातून रुमाल काढला.