अंबूआत्यांच्या कळेचं वाटप

हेमापुरात कुणाचा आजार त्याच्या एकट्याचा नसतो. नगरपरिषद तो सगळ्या गावाला सारखा वाटून देते.

पद्धत सोपी आहे. आजारी माणसाने आजार वाटप विभागात अर्ज करायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नगरपरिषदेचा भोंगा वाजतो आणि तो आजार एकेचाळीस हजार माणसांत विभागून जातो. वाट्याला येतं ते फार थोडं. कुणाचा मूतखडा म्हणजे कमरेत एक बारीकशी टोचणी. कुणाचा टायफॉइड म्हणजे दोन जांभया आणि जिभेवर जरा कडवटपणा. भोंगा थांबेपर्यंत सगळं आटोपतं आणि मूळचा आजारी माणूस अंथरुणाची घडी घालून कामाला लागतो.

एकोणीस वर्षं हे चालू आहे, त्यामुळे गावाला त्याचं काही वाटत नाही. दहा नऊला न्हावी गालावरचा वस्तरा उचलतो, हॉटेलवाला उकळतं पातेलं खाली ठेवतो, शाळेत मुलं बाकाला धरून बसतात. भोंगा संपला की लोक एकमेकांना विचारतात,

"काय होतं?"

"दाढ असावी."

"हां, मला पण दाढच वाटली. वरची."

आणि वस्तरा पुन्हा गालावर येतो.

या विभागाचे हेड क्लार्क दिनकर पोतनीस. वय एकावन्न, चष्मा दोरीला बांधलेला, नमुना अर्जांवर अतोनात श्रद्धा. विभाग म्हणजे जुन्या जकात नाक्याची एक खोली, तीत एक टेबल, एक खिडकी आणि भिंतीवर भोंग्याचं लाल बटण. वरच्या मजल्यावर डॉक्टर नजमा मुजावर बसत. आजार खरा आहे की नुसता कंटाळा आहे, एवढं त्या तपासून देत. नियम म्हणाल तर एकच कडक होता: अर्जावर सही ज्याची त्यानेच करायची. पहिल्याच वर्षी एका जावयाने सासऱ्यांचा दणदणीत आवाज हा आजार म्हणून परस्पर वाटून टाकला होता. तेव्हापासून ते सासरे कुजबुजतात आणि हेमापूर एकूणच जरा मोठ्याने बोलतं.

तर ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे, त्या आठवड्यात दिनकररावांच्या मागे दोन कटकटी एकदम लागल्या.

पहिली कटकट म्हणजे राजधानीहून आलेली समिती. ती आणली होती रावसाहेब आवटींनी. रावसाहेब बेदाण्याचे बडे व्यापारी. गावाभोवतीची निम्मी कोल्ड स्टोरेजं त्यांची. आयुष्यात ते कधी आजारी पडले नव्हते आणि हेच त्यांचं दुःख होतं. "मी जन्मात एकदा शिंकलेलो नाही," ते चारचौघांत सांगत, "आणि सतरा वर्षं लोकांच्या शिंका शिंकत बसलो. का म्हणून?" दोन वर्षांपूर्वी त्यांनी नमुना नऊ भरून यादीतून नाव काढून घेतलं. तेव्हापासून भोंग्याच्या वेळी भर पेठेत सगळे कमरेला नाहीतर गालाला हात लावून उभे असत, आणि मधोमध रावसाहेब ताठ. दिसायला ते चांगलंच दिसे. फक्त नंतर "काय होतं?" असं त्यांना कुणी विचारत नसे.

समितीपुढे प्रश्न होता: हेमापूरसारख्या संपन्न गावात सर्वांना सरकारी आरोग्यसेवा देणे शक्य आहे काय? अध्यक्ष होते श्री. बिवलकर. मंगळवारी त्यांनी दिनकररावांची साक्ष घेतली.

"ही योजना शक्य आहे, याला पुरावा काय?"

"साहेब, ती चालू आहे."

"चालू आहे ते आम्हाला दिसतंय, पोतनीस. शक्य आहे का, ते विचारतोय."

दिनकररावांनी फायली चाळल्या. चालू असल्याचे कागद पुष्कळ होते. शक्य असल्याचा एकही नव्हता.

मग रावसाहेब उठले. "मी काय म्हणतो साहेब, गरीब गावात हे जमेल. तिथं लोकांना एकमेकांचं घ्यायची सवय असते. आमच्या गावात कारंजं गाण्यावर नाचतंय. पोहायचे तलाव दोन, त्यातला एक गरम पाण्याचा. एवढं सगळं असलेल्या गावाला आरोग्य कुठनं परवडायचं?"

समितीला हा मुद्दा वजनदार वाटला. इतक्यात दहा दहाचा भोंगा झाला. हद्दीत आलेला पाहुणाही आपोआप यादीत धरला जाई, त्यामुळे समितीच्या तिन्ही सदस्यांना एकेक उचकी लागली. बिवलकरसाहेबांनी इतिवृत्तात 'व्यत्यय' असं लिहून घेतलं. शुक्रवारी सकाळी निर्णय सांगू, म्हणाले. निर्णय नकाराचा आला, तर त्याच दिवशी लाल बटणाला लाखेचं सील लागणार होतं.

दुसरी कटकट घरची होती. तिचं नाव अंबूआत्या.

दिनकररावांना त्यांच्या या आत्यानेच वाढवलेलं. वय शहात्तर, अंगाने काडी, जिभेने तिखट. तीन आठवड्यांपासून तिच्या डाव्या बरगडीखाली कळ येत होती. नजमाबाईंनी नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि दिनकररावांना जिन्यापाशी नेऊन सांगितलं, "एका माणसाच्या मानाने ही कळ फार मोठी आहे, काका. शुक्रवारी वाटून टाका. पुढच्या मंगळवारपर्यंत आत्या थांबतील असं मी म्हणणार नाही."

आणि शुक्रवारनंतर बटण राहील की नाही, याचीही खात्री नव्हती. शुक्रवारचे अर्ज गुरुवारी पाचपर्यंत.

बुधवारी दिनकरराव वाटपाचा अर्ज, म्हणजे नमुना चार, घेऊन आत्यासमोर बसले. आत्या पलंगावर बसून पावटे सोलत होती. चार शेंगा सोलायच्या, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चार.

"आत्या, सही कर."

"कशावर?"

"तुला ठाऊक आहे कशावर."

"मग विचारतोस कशाला, मेल्या? नाही करणार."

"का पण?"

"दिनू, लोकांना काय देतात? लाडू देतात. भाजणी देतात. कैरी उतरली तर चार फोडी देतात. कळ देतात होय रे? कुणाला बोलून दाखवायची सोय नाही." तिने शेंग खाली ठेवली. "आणि तीसुद्धा तीन आठवडे मी वापरलेली. उष्टी."

दिनकरराव कार्यालयात आले आणि त्यांनी नियमावली पहिल्या पानापासून वाचून काढली. उष्ट्याबद्दल तीत अवाक्षर नव्हतं. तेव्हा त्यांनी रीतसर टिपण करून ते वरच्या मजल्यावर पाठवलं. नजमाबाईंनी खाली शेरा मारला: 'वैद्यकीयदृष्ट्या कळ उष्टी होत नाही.' सही, गोल शिक्का.

गुरुवारी दुपारी आत्याने तो कागद लांब धरून वाचला. "नजमाची सही काय? तिची आई माझ्याकडून मेतकूट न्यायची. डबा परत यायचा तो खजुराने भरून. पोर गुणी आहे हो. पण उष्ट्याखरकट्यातलं डॉक्टरांना काय कळतंय?"

कागद घडी होऊन उशीखाली गेला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आत्याला कळ आली तेव्हा तिने पलंगाची कड घट्ट धरली आणि भाच्याला दिसू नये म्हणून तोंड फळीकडे वळवलं. फळीवर एक स्टीलचा डबा होता.

"तो शेजारच्या पाटलीणबाईंचा," कळ ओसरल्यावर ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. चुलीपाशी उभंच राहवत नाही. रिकामा कसा पाठवू रे? काय म्हणेल ती?"

दिनकररावांनी डब्याकडे पाहिलं. मग आत्याकडे.

"आत्या, एकोणीस वर्षांत गावाकडून तुला काय काय आलं?"

"काय नाही आलं ते विचार. देशपांडे मास्तरांची दाढ आली. शेवंताचं बाळंतपण आलं, ते मात्र छान होतं हो. रावसाहेबांच्या आईचा दमा आला. बिचारी! कशी काढली असतील एवढी वर्षं त्यांनी एकट्यांनी?"

"घेतलंस सगळं?"

"न घ्यायला काय झालं? दारात आलेल्याला नाही म्हणतात का?"

"आणि तू काय पाठवलंस?"

सर्दी झाली तर काढा, ताप आला तर गोधडी. एकोणीस वर्षांत तिने एकदाही अर्ज केला नव्हता आणि याचा तिला थोडा गर्वच होता.

"एकेचाळीस हजार डबे, आत्या," दिनकरराव हळूच म्हणाले. "तुझ्याकडे रिकामे पडून आहेत."

लहानपणी साखरेच्या डब्यात हात सापडल्यावर पाहायची, तसं आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. त्यावर खरोखरच एकेचाळीस हजार डबे मांडलेले असावेत अशी तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली.

"अगं बाई," ती म्हणाली. "पेन आण."

सही करून झाल्यावर तिने बजावलं, "उद्या भोंग्याच्या आत माझी आंघोळ झाली पाहिजे. पारोशी कळ गावाला गेलेली मला चालायची नाही."

अर्ज पाचला तीन मिनिटं कमी असताना दाखल झाला.

शुक्रवारी दहा वाजून सहा मिनिटांनी समिती जकात नाक्याच्या खोलीत आली. बरोबर रावसाहेब आणि मागे लाख, मेणबत्ती घेतलेला शिपाई. बिवलकरसाहेबांनी निर्णय वाचला: "हेमापूर संपन्न असल्याने सदर सेवा येथे अशक्य आहे."

"लावा सील," रावसाहेब म्हणाले.

दिनकरराव बटणासमोरून हलले नाहीत. "साहेब, निर्णय अमलात किती वाजता येतो?"

बिवलकरसाहेबांनी कागद पाहिला. काही झालं तरी ते नियमाने चालणारे गृहस्थ होते. "अकरा वाजता."

"आणि दहा दहाचा अर्ज मंजूर आहे. हा शिक्का."

"मग अकरापर्यंत शक्य आहे," बिवलकरसाहेब म्हणाले. "चालू द्या."

दिनकररावांनी बटण दाबलं.

त्या सकाळी हेमापुरात एकेचाळीस हजार हात एकदम डाव्या बरगडीवर गेले. बारीक सुई टोचावी तेवढीच कळ, पण स्वच्छ, नीटनेटकी, नुकती न्हाऊन आल्यासारखी. आणि ती जाता जाता प्रत्येकाच्या जिभेवर एकेक घास ठेवून गेली. मऊ गुरगुट्या भाताचा, मेतकुटाचा, वर सोडलेल्या साजूक तुपाचा. आजारी पोराला मांडीवर घेऊन भरवतात तो.

भोंगा थांबला. समितीच्या एका सदस्याने डोळे मिटले होते. बिवलकरसाहेब अजून छातीवर हात ठेवून होते आणि त्यांचं तोंड मात्र हळूहळू हलत होतं.

"काय होतं?" ताठ उभ्या रावसाहेबांनी विचारलं.

"कळ," बिवलकरसाहेब म्हणाले.

"मग मचमच काय चाललंय?"

"मेतकूट-भात. गरम. वर तूप."

शिपायाने बाहीने नाक पुसलं. रावसाहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ते जन्मात आजारी पडले नव्हते, त्यामुळे घरात भाऊ-बहिणींना तापात जो भात मिळे, तो त्यांना कधी मिळालाच नव्हता. आई म्हणायची, तुला काय धाड भरलीय, तू भाकरी खा. त्यांनी खाल्ली. साठ वर्षं खाल्ली.

"पोतनीस," ते म्हणाले, "यादीत परत यायचं तर काय करावं लागतं?"

"नमुना नऊ मागे घ्यावा लागेल. पण योजना अकराला बंद होतेय."

रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. दहा तेरा. "बिवलकरसाहेब, अशक्य म्हणजे कितपत अशक्य?"

समिती कोपऱ्यात गेली आणि दहा चाळीसला बाहेर आली. निर्णयात दुरुस्ती झाली होती: 'सदर सेवा संपन्न गावात अशक्य आहे. तथापि ती चालू असल्याने चालू ठेवावी.' तिघांनीही सह्या केल्या. लाख तशीच परत गेली.

दिनकरराव घरी पोचले तर आत्या चुलीपाशी उभी, पदर खोचलेला, पाटलीणबाईंच्या डब्यात थालीपिठं भरतेय.

"पोचलं का रे सगळ्यांना?"

"पोचलं. आत्या, तू आत काय घातलं होतंस?"

"मी कुठं काय? म्हटलं, नुसती कळ कशी पाठवायची?" तिने झाकण दाबलं. "रावसाहेबांना मिळालं?"

"ते यादीत नव्हते."

"मग त्यांचा डबा वेगळा," आत्या म्हणाली आणि तिने फळीवरून आणखी एक डबा काढला. तांदूळ धुवायला घेतले.

सोमवारी रावसाहेब स्वतः खिडकीवर आले. कोरा सदरा, हातात नमुना चार. आजाराच्या रकान्यात बऱ्याच खाडाखोडीनंतर लिहिलं होतं: 'डाव्या पायाच्या करंगळीस कुरूप. लहान आहे. शोधून सापडले.' वरच्या मजल्यावर नजमाबाईंनी ते भिंगातून पाहिलं आणि शिक्का मारला.

मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. पेठेत सगळे एका पायावर उभे राहिले. मधोमध रावसाहेबही, शेजाऱ्याच्या खांद्याला धरून.

"काय होतं?" शेजाऱ्याने त्यांना विचारलं.

"कुरूप असावं," रावसाहेब म्हणाले.

"हां, मला पण कुरूपच वाटलं. डाव्या पायाचं." शेजाऱ्याने जीभ टाळूला लावून पाहिली. "आणि वर एक बेदाणा."

"हिरवा," रावसाहेब म्हणाले.

न्हाव्याने वस्तरा पुन्हा गालावर ठेवला.